कागद कापला पाहिजे

माझ्या बापाने जन्मभर गवत कापलं, पण ते विकायला. तलासरीच्या पूर्वेला डोंगरात आमचं गाव. पावसाळा सरून भात घरात आलं की अख्खं गाव विळे घेऊन उतारावर चढायचं. कापलेल्या गवताचे भारे वखारीत जायचे, तिथे त्यांच्या गाठी बांधायचे आणि त्या गाठी मुंबईच्या तबेल्यांत जायच्या. गवत गुराच्या तोंडात जातं, एवढंच मला ठाऊक होतं. त्यामुळे निवृत्तीनंतर घर बांधून झाल्यावर बायको म्हणाली, "मला पुढे हिरवळ पाहिजे," तेव्हा मी मोठ्याने हसलो. गवत लावायचं, त्याला पाणी घालायचं, खत घालायचं, मग कापायचं आणि कुणाच्याही तोंडी न घालता फेकून द्यायचं! असला उद्योग आमच्या घराण्यात कोणी केला नव्हता.

ती वरोरची. तिच्या माहेरी दारात वाळू आणि वाळूवर बोंबील, जवळा. अनवाणी चालायचं तर पायाला एक तर वाळू चटके देते नाहीतर काटे टोचतात, मऊ असं काही पायाखाली कधी आलंच नाही, असं ती म्हणायची. डोंगरातला मुलगा आणि किनाऱ्यावरची मुलगी, आमच्या लग्नावर दोन्हीकडची माणसं वर्षभर रुसली होती. मी जमीन मोजणी खात्यात होतो, ती अंगणवाडीत. चाळीसेक वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर चिखल्याच्या अलीकडे, समुद्रापासून पाच-सात मिनिटांवर आम्ही घर बांधलं. पुढचा गुंठाभर तुकडा तिने मागून घेतला. मी दोरी धरून, चार खुंट्या ठोकून तो तिला काटकोनात आखून दिला. हसत का होईना, पण दिला. तिने एका पावसाळ्यात खाली बसून बसून त्या तुकड्यात बारीक गवताची एकेक काडी टोचली. ते गवत एकमेकांत मिसळून त्याची सलग हिरवळ व्हायच्या आतच ती वापीला गेली.

तीन महिन्यांसाठी म्हणून गेली होती. सुनेचं बाळंतपण होतं. मुलगा वापीला कारखान्यात, सून प्रयोगशाळेत, दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे बारा, आणि या दसऱ्याला अडीच वर्षं भरली. मुलगा चांगला आहे, तो म्हणतो, "बाबा, तुम्हीपण इथेच या ना." मी गेलो होतो आठ दिवस. हॉलमधल्या सोफ्यावर झोपलो, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चादरी घडी करून ठेवायचो, म्हणजे मी तिथे झोपतो हे कुणाला दिसू नये. तिथली हवा छातीत बसली. नवव्या दिवशी परत आलो. बायको दारापर्यंत आली, कडेवर नात होती, तिने नातीचा हात धरून माझ्याकडे हलवला.

एकट्या माणसाचं घर फार लवकर आवरतं. नऊ वाजेपर्यंत माझी सगळी कामं संपतात आणि मग दिवस समोर येऊन उभा राहतो. शेजारचे दोन्ही बंगले मुंबईकरांचे, वर्षातून चार-पाच दिवस उघडणारे. संध्याकाळी वापीहून व्हिडिओ कॉल येतो. नात मला 'फोन' म्हणते. तिच्या लेखी आजोबा म्हणजे तो चौकोन. "फोन आला," म्हणून ती धावत येते, माझ्या कपाळावर बोट दाबते आणि पळून जाते. मग बायको विचारते, "जेवलात?" मी म्हणतो, "जेवलो." ती विचारते, "काय केलंत?" मी काहीतरी सांगतो. खरं तर सकाळच्याच भातावर दूध घालून खाल्लेलं असतं. पण नोकरीत एक सवय लागली होती. दोन भाऊ बांधावरून भांडत असले तरी आपण अहवालात 'मोजणी शांततेत पार पडली' असंच लिहायचं. तेच मी घरी करत आलो.

या वर्षी पितृपक्षात तिचा फोन आला. म्हणाली, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येते. चार दिवस राहते, घराचं काय झालंय ते बघते, मग पुढचं ठरवू. पोरगी जूनपासून शाळेत जाईल."

पुढचं ठरवू. हे दोन शब्द मी त्या रात्री किती वेळा उलटून पाहिले असतील ते सांगायची लाज वाटते. मला ती परत हवी होती. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण नातीला सांभाळायला तिची गरज होती आणि म्हातारा माणूस तान्ह्या पोरीशी चढाओढ करतो हे काही शोभत नाही. पण घर तिला ओढून घेईल, असा मी बेत केला. ती दारात उतरली की समोर तिची हिरवळ अशी दिसली पाहिजे की तिचे पाय तिथून निघता कामा नयेत.

हिरवळीची अवस्था मात्र बघवत नव्हती. अडीच वर्षं मी ती विळ्यानेच कापत आलो होतो, उकिडवा बसून. विळ्याला गवत मुठीत धरावं लागतं, आणि हे गवत मुठीत येईल एवढं वाढू द्यावं तर हिरवळ राहत नाही. त्यामुळे कुठे खड्डा, कुठे झुबका. नवशिक्या न्हाव्याने हजामत केल्यासारखा तो तुकडा दिसायचा.

तेवढ्यात योग आला. किनाऱ्याकडचा एक जुना बंगला विकला गेला. तिथल्या रखवालदाराने भंगारवाल्याला बोलवायच्या आधी मला हाक मारली आणि म्हणाला, "काका, गवत कापायचं मशीन आहे, नेतो का?" ते हाताने ढकलायचं मशीन होतं. दोन लोखंडी चाकं, मधे पिळाच्या पाच पात्यांचा एक गोल रूळ, त्याच्या खाली एक सरळ, जागची न हलणारी पट्टी, आणि मागे लांब दांडा. ढकललं की चाकांबरोबर रूळ फिरतो, गवत पाती आणि पट्टीच्या मधे सापडतं आणि कापलं जातं. निदान जायला हवं. खाऱ्या वाऱ्याने ते गंजून तांबडं झालं होतं. मी ते रिक्षात घालून आणलं, रॉकेलने पुसलं, तेल सोडलं. फिरायला लागलं. पण हिरवळीवर ढकललं तर गवत कापायच्या ऐवजी मान खाली घालायचं आणि मशीन पुढे गेलं की परत वर करायचं.

आता मी बापाचा मुलगा. न कापणाऱ्या पात्याचं काय करायचं हे मला कोणी शिकवायला नको. बाप रोज संध्याकाळी ओढ्यातल्या दगडावर विळा घासायचा आणि अंगठ्याच्या नखावर धार बघायचा. "धार नसली की गवत कापत नाय, उपटतं," असं सांगायचा. मी कानस काढली आणि दोन दिवस ओट्यावर बसून पाचही पात्यांना, पिळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, विळ्यासारखी धार काढली. नखावर बघितली. बापाने शाबासकी दिली असती अशी धार.

मग मशीन ढकललं. सुरुवातीला घर्र झालं, मग मधेच लोखंडावर लोखंड घासल्याची अशी किंकाळी, की समोरच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. एका जागी गवत कापलं जायचं, वीतभर पुढे नुसतं चावलं जायचं. वाटलं पट्टी सैल आहे, म्हणून दोन्हीकडचे स्क्रू आवळले. मग मशीन ढकलायला दोन माणसांची ताकद लागायला लागली. पण मी हट्टाने सगळा तुकडा पुरा केला, खांदे भरून येईपर्यंत. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. अख्खी हिरवळ वरून पांढरट, पिवळट पडली होती. खाली बसून गवताचं एक पातं हातात घेतलं. त्याचं टोक कापलेलं नव्हतं, फाटलेलं होतं, चिंधीसारखं, आणि फाटलेलं तेवढं वाळून गेलं होतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही वाळलेला.

दसऱ्याला चार दिवस उरले होते. डहाणूत दोन ठिकाणी मशीन दाखवलं. एकाने हातही लावला नाही, म्हणाला, "अंकल, हे कोण वापरतं आता? विजेवरचं घ्या." दुसऱ्याने मशीन ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच परत दिलं. मग मला तलासरीचा मिस्त्री आठवला. हायवेला लागून त्याचं ट्रकच्या इंजिनांचं गॅरेज. नोकरीत असताना त्याच्या प्लॉटची मोजणी मीच केली होती, तेव्हापासून ओळख. मोटारी दुरुस्त करणारे खूप असतात, पण हा माणूस लोखंडाचं दुखणं आवाजावरून ओळखायचा.

नवमीच्या सकाळी मशीन घेऊन तलासरीच्या बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "काका, याचं फुल की हाफ?" बस हसली. मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी माणसांच्या घोळक्यात हसलो होतो, त्यामुळे गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ हसत राहिलो.

गॅरेजपाशी पोचलो आणि कपाळाला हात लावला. खंडेनवमी! चाळीस वर्षं मीच कचेरीत साखळी आणि मोजणीची टेबलं पुसून त्यांना कुंकू लावत आलो, आणि नेमकं हेच विसरलो. गॅरेजमध्ये एकही ट्रक नव्हता. जमीन सारवल्यासारखी धुतलेली. फळीवर पाने, हातोडे, जॅक, पक्कड, सगळं पुसून लख्ख मांडलेलं, त्यावर हळदकुंकू, झेंडूच्या माळा. मिस्त्री पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. माझ्याएवढाच म्हातारा, पण माझ्याहून काटक.

"साहेब, आज हत्याराला हात लावायचा नाय," तो म्हणाला. "उद्या पूजा उतरली की मग."

"मग उद्या येतो."

"उद्या मी नाय. उंबरगावला पोरीकडे दसरा."

"अरे, परवा माझी बायको येणार आहे," मी म्हणालो. कसा कोण जाणे, आवाज मधेच फाटला. हे त्याला सांगायचं काही कारण नव्हतं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. "हत्याराला सुट्टी आहे," तो म्हणाला, "तोंडाला नाय. बसा."

त्याने मशीन उलटं करायला लावलं, मलाच. पात्यावरून अंगठा फिरवला आणि दचकून मागे घेतला. "आ कोणे कर्युं?" धक्का बसला की तो गुजरातीत शिरायचा.

"मी."

"विळा समजून?"

"हो."

तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाला, "साहेब, विळा एकटा कापतो, म्हणून त्याला धार लागते. हा एकटा नाय कापत. वरची पाती आणि खालची पट्टी, दोघं मिळून कापतात, कात्रीसारखं. तुम्ही पात्यांना धार काढली, म्हणजे काय केलं? कुठे जास्त खाल्लं, कुठे कमी. आता एकजण इथे टेकतो, तिथे अंतर. जिथे टेकतो तिथे बोंबलतो, जिथे अंतर आहे तिथे गवत फाटतं. वर तुम्ही स्क्रू आवळले. नशीब समजा तुमची कानस जुनी होती."

मग हत्याराला हात न लावता त्याने मला सगळं शिकवलं. एका हाताची बोटं पाती, दुसऱ्या हाताचा तळवा पट्टी. एका बाजूचं चाक काढायचं, रुळाच्या दांड्याला पाना लावायचा आणि रूळ उलटा फिरवायचा. सुलटा फिरला तर कापतो, उलटा फिरला तर घासला जातो. पात्यांना वाल्व घासायची पेस्ट लावायची, ती वाळूसारखी खरबरीत असते. पाती आणि पट्टी एकमेकांवर घासून घासून आपोआप जुळतात. एकाने दुसऱ्याचा आकार घ्यायचा. मग स्क्रू पाव फेरा, आधी डावा, मग उजवा, परत घासायचं.

"आणि झालं हे कळणार कसं?"

"पेपरची पट्टी घाला मधे आणि हळू फिरवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद कापला पाहिजे. दुमडला तर अजून घासा. आणि आवाज ऐका. कुजबुज पाहिजे, बोंब नाय."

पेस्टची डबी त्याने मला फळीवरून उचलून नेऊ दिली, स्वतः दिली नाही. डबीला कुंकू लागलेलं होतं. जाताना म्हणाला, "घाई करू नका. घाईने लोखंड ऐकत नाय."

दसऱ्याच्या सकाळी ओट्यावर गोणपाट घातलं आणि बसलो. चाक काढायलाच तास गेला. मग जुन्या दातांच्या ब्रशने पेस्ट लावली आणि पाना धरून रूळ उलटा फिरवायला लागलो. पहिल्यांदा खरखर फक्त दोन जागी यायची, बाकी सगळं मुकं. स्क्रू पाव फेरा. परत पेस्ट. खरखर चार जागी. मनगट भरून आलं की हात बदलायचो. दुपारपर्यंत ओट्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचा ढीग झाला, एका टोकाला कापलेल्या, दुसऱ्या टोकाला दुमडलेल्या. गावात कुठेतरी ढोल वाजत होता. दसऱ्याचं सोनं द्यायला कोणी आलं नाही, आणि आलं असतं तरी माझे हात काळ्या तेलाने माखलेले होते. दुपारी जेवलो नाही. कोणी विचारणारं नव्हतं त्यामुळे खोटंही बोलावं लागलं नाही.

तीनच्या सुमाराला खरखर सगळीकडून सारखी यायला लागली. रॉकेलने सगळी पेस्ट धुऊन काढली, कारण राहिलेला कण नंतर पाती खात राहतो. चाक बसवलं. शेवटची पट्टी मधे धरली आणि चाक हळूच पुढे ढकललं. कागद सर्रकन कापला. दुसऱ्या टोकाला घातला, कापला. मधे घातला, कापला. मी तिथे ओट्यावर बसून अर्धं वर्तमानपत्र कापून काढलं. याआधी इतका आनंद मला कशाचा झाला होता ते आठवत नाही, आणि तो कुणाला सांगावा असं कोणी जवळ नव्हतं. मी मशीनलाच म्हणालो, "बघ, जमलं की नाही?"

गवत कोरडं होतं. आधी समुद्राच्या दिशेने उभं कापलं, मग आडवं. मशीन कुजबुजत चाललं. फाटकी पांढरी टोकं सगळी निघून गेली आणि खालून ताजं हिरवं वर आलं. सूर्य खाली जायच्या आधी मी कोपऱ्यांवर बसून कडा विळ्याने काटकोनात केल्या. ते काम विळ्याचंच होतं.

बाकी घर आधीच तयार होतं. सगळे डबे घासून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: तूरडाळ, मूगडाळ, पोहे, रवा. कपाटं पुसली होती, पडदे धुतले होते, मोरीतला हिरवा थर खरवडला होता. तिला येऊन कशालाही हात लावावा लागू नये, अशी मी व्यवस्था केली होती.

दुसऱ्या दिवशी तलासरीच्या स्टँडवर तिला उतरवून घेतलं. गुडघ्यांमुळे तिला रेल्वेचा पूल नको वाटतो, म्हणून ती हायवेच्या बसने आली. पिशव्या चार होत्या. चार दिवसांसाठी चार पिशव्या कशाला, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. रिक्षा फाटकाशी थांबली. ती उतरली आणि उभीच राहिली.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"एकट्याने?"

"एकट्याने," मी म्हणालो. छाती अशी फुगली होती की सांगता सोय नाही.

तिने चपला काढल्या आणि हिरवळीवर पाय ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, सावकाश, गुडघा सांभाळत. परत आली. "मऊ झालंय," म्हणाली. मला वाटलं, जिंकलो.

चार दिवस मी तिला काही करू दिलं नाही. तिने झाडू घेतला तर घर झाडून झालेलं असायचं. तिने डाळीचा डबा शोधायला हात पुढे केला तर मी म्हणायचो, "वाच ना, चिठ्ठी आहे." ती चिठ्ठ्या वाचायची. एकदा तिने घासून ठेवलेली भांडी परत घासायला काढली. मी म्हणालो, "अगं, स्वच्छ आहेत ती." ती म्हणाली, "असू दे." मी तिला ओट्यावर खुर्ची टाकून दिली, चहा करून आणून दिला. ती पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसायची, लोकांच्या घरी बसावं तशी. मी समोर मशीन फिरवून दाखवलं. कागद कापून दाखवला. पाती, पट्टी, उलटं फिरवणं, पेस्ट, मिस्त्री, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमच्याकडे म्हणतात. मला तेव्हा वाटत होतं की माझं गाडं भरून चाललंय.

पुढचं काय ठरवायचं, ते मी विचारलं नाही. तिने स्वतःहून काढावं अशी वाट बघत होतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या सकाळच्या बसने निघते."

"उद्याच?"

"हो. तुमचं इथे छान चाललंय. मला उगाच तिकडे घोर लागायचा. आता नाय काळजी."

तलासरीच्या स्टँडवर आम्ही अर्धा तास बसची वाट बघत बसलो. तिने दोनदा विचारलं, "नक्की ना? बरं चाललंय ना तुमचं?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "छान चाललंय." आता वाटतं, त्या बाकड्यावर तिने विचारलं तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. बस आली. चारही पिशव्या मी वर चढवून दिल्या. दोन तर तिने उघडल्याच नव्हत्या.

घरी आलो. फाटक उघडलं. हिरवळीवर तिची पावलं दिसत नव्हती, इतकं गवत बारीक आणि ताठ होतं. मी ओट्यावर तिच्या खुर्चीत बसलो आणि रडलो. वयाला शोभत नाही, पण रडलो. दुपारचं जेवण केलं नाही. संध्याकाळी तिच्याकडून फोन यायची वेळ झाली, त्याच्या आधी मीच लावला.

"पोचलीस?"

"पोचले. जेवलात?"

"नाही," मी म्हणालो. "सकाळपासून काही नाही. ऐक. मी खोटं बोललो. माझं काही छान चाललेलं नाही. मी रोज दूधभात खातो. दिवस जाता जात नाही. ती हिरवळ, ते डबे, सगळं तू यावीस आणि राहावीस म्हणून केलं. मला एकट्याला राहवत नाही."



"मग आधी का नाय बोललात?" तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्हाला चारच दिवस सांगितले, पण सुनेच्या आईला मी पंधरा दिवस बोलावून ठेवली होती. म्हटलं घराचा उकिरडा झाला असेल, लावायला पंधरवडा जाईल. तेवढ्यात बघावं, पोरगी माझ्याशिवाय राहते का. राहिली तर परत जायचंच नव्हतं मला. कपडे पण सगळे आणले होते."

"अगं, मग..."

"तुम्ही तर सगळं कापूनकुपून, चिठ्ठ्या लावून ठेवलेलं. माझ्या घरात मला डाळ वाचून शोधायला लागली. मला वाटलं, माझ्यावाचून काय अडतच नाय आता. मग कशाला राहू?"

तिच्या मागे नात रडायला लागली, 'आजी, आजी' करत. सुनेची आई काहीतरी समजावत होती, पण नात तिचं ऐकत नव्हती.

"आले गं," बायको तिकडे वळून म्हणाली. मग मला म्हणाली, "जेवून घ्या आधी," आणि फोन ठेवला.